हिशेबाची वही कोणाकडे?

१२ मे १८७५. भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजार भरला होता. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे सुप्याचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या काळी ते पंचक्रोशीतले मोठे बाजारगाव होते आणि धान्याचे व्यापारी, दुकानदार, सावकार तिथे वस्तीला होते. आसपासच्या गावांतून आलेले कुणबी त्या दिवशी सावकारांच्या दारांपुढे जमले. वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढा, ही त्यांची मागणी होती. हाती लागले ते कागद त्यांनी जाळले, धान्याची दुकाने लुटली, काही घरांना आगी लावल्या. पुणे जिल्ह्यातून ही लाट नगरकडे सरकली आणि पुढच्या दोन महिन्यांत तीसहून अधिक गावांत असेच घडले. इंग्रज अधिकाऱ्यांना १८५७ ची आठवण झाली. पोलीस ठाणी बसली, लष्कर आले, धरपकड झाली.

या दंग्यांची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाने एक गोष्ट स्वच्छ नोंदवून ठेवली आहे. जमावाचा रोख जवळजवळ सगळीकडे कागदांवर होता. ज्या सावकाराने रोखे आणि हुकूमनामे आपणहून काढून दिले, त्याच्या वाटेला सहसा कोणी गेले नाही. माणसांना इजा झाल्याचे प्रसंग थोडे होते. अक्षरओळख नसलेल्या त्या माणसांना आपले दुखणे नेमके कुठे आहे हे पक्के माहीत होते. कर्ज त्यांना नवे नव्हते. जे कर्ज आपल्याला वाचता येत नाही, मोजता येत नाही आणि ज्याच्याबद्दल कोणाला विचारता येत नाही, ते त्यांना असह्य झाले होते.

खेड्यातल्या कुटुंबापर्यंत बँक, कर्ज, बचत, विमा पोहोचवायचा ध्यास आज आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांनी घेतला आहे. आपल्याकडे या प्रयत्नांचा इतिहास त्या उन्हाळ्यापासून सलग मांडता येतो. त्यात कायदे आहेत, फसलेल्या योजना आहेत, थोर माणसे आहेत. त्या साऱ्यातून एक प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो: हिशेबाची वही कोणाच्या हातात आहे?

तीन वर्षांचा रोखा

सावकार पेशवाईतही होता. पण तेव्हा त्याची वसुली गावाच्या संमतीवर अवलंबून असे. पाटील होता, पंचायत होती, आणि कुणब्याला पुरते नागवले तर पुढच्या वर्षी पेरणार कोण, हे सावकारालाही कळत होते. इंग्रजी अमलात रयतवारी आली आणि प्रत्येक खातेदार थेट सरकारचा देणेकरी झाला. विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी १८३६ पासून इंदापूर तालुक्यातून नवी जमीनमोजणी सुरू केली आणि ३० वर्षांसाठी सारा ठरवला. आधीच्या पद्धतीपेक्षा ही मोजणी समंजस होती, लागवड वाढलीही. मात्र सारा रोख भरायचा आणि तोही नेमलेल्या हप्त्याला. पाऊस नक्षत्र चुकवतो, सरकारी हप्ता चुकत नाही. त्या दोहोंमधली फट सावकार भरून काढू लागला. त्याच सुमारास जमीन विकता-गहाण टाकता येईल अशी मालमत्ता झाली आणि ती जप्त करून देणारी दिवाणी कोर्टेही उभी राहिली. सावकाराला आता गावाच्या संमतीची गरज उरली नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी आपल्या मुलखातल्या सावकारांना आगाऊ पैसा दिला, सावकारांनी तो शेतकऱ्यांना. कापसाचे भाव चढले. शिवाय बोरघाटातून रेल्वे नेण्याच्या कामावर मजुरी मिळत होती. काही वर्षे दख्खनच्या गावांत मागेल त्याला उसने मिळत होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा इंग्लंडला जाऊ लागला, इथले भाव कोसळले आणि पतही आटली. सावकार जुनी बाकी मागू लागले. नेमक्या त्याच वेळी ३० वर्षांची मुदत संपली. १८६७ पासून इंदापुरातून फेरआकारणी सुरू झाली आणि सारा भरमसाट वाढला. उत्पन्न खाली आणि देणी वर, अशा कात्रीत रयत सापडली.

या कात्रीला धार लावली एका चांगल्या हेतूच्या कायद्याने. जुन्या कर्जाचे व्याज अमर्याद साचू नये म्हणून १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची वैधता ३ वर्षांवर आणली. रयतेला दिलासा मिळेल असे सरकारला वाटले. प्रत्यक्षात सावकार दर ३ वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला. थकलेले व्याज मुद्दलात मिसळायचे आणि त्या साऱ्यावर पुन्हा व्याज लावायचे. समजा, एखाद्याने १०० रुपये दरसाल दरशेकडा २४ ने घेतले आणि काहीच फेडता आले नाही. ३ वर्षांनी नवा रोखा १७२ चा होतो, ६ वर्षांनी जवळजवळ २९६ चा आणि ९ वर्षे भरतात तेव्हा कर्ज ५०० च्या पुढे गेलेले असते. मधल्या काळात कुणब्याने खळ्यावर घातलेले धान्य कोणत्या भावाने जमा झाले, झाले की नाही, याची पावती त्याच्याकडे नसे. रोख्यावर नांगराची निशाणी काढून तो मोकळा होई. वर काय लिहिले आहे ते लिहिणाऱ्याला माहीत आणि लिहवून घेणाऱ्याला.

पुढचा टप्पा कोर्टाचा. समन्स लागले तरी कुणबी बहुधा हजर होत नसे. कोर्ट लांब, वकिलाला पैसे नाहीत, आणि रोखा खोटा आहे हे सिद्ध करायला हातात कागद नाही. एकतर्फी हुकूमनामा होई आणि बैल, घर, शेत जप्तीला लागे. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात मिरजगाव आहे. तिथल्या रयतेने कलेक्टरला दिलेल्या अर्जात हीच व्यथा आहे. कापड आणि धान्य चढ्या दराने उधार घ्यावे लागते, शेतातला माल सावकार घेऊन जातो आणि पावती देत नाही, असे त्या लोकांनी लिहवून घेतले.

दंग्यांआधी गावांनी शांततेचा उपाय करून पाहिला होता. शिरूर तालुक्यातल्या करडे गावी १८७४ च्या अखेरीस एका सावकाराने बाबासाहेब देशमुख नावाच्या कर्जदाराविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर पाडायला काढले. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. त्याची शेते कोणी कसेना, त्याच्याकडे कामाला कोणी जाईना. ही रीत आसपासच्या गावांत पसरली. सुप्याला आग लागली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात.

या दंग्यांची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जमावाने बहुतेक ठिकाणी मारवाडी आणि गुजर सावकारांना गाठले; तोच धंदा करणाऱ्या ब्राह्मण सावकारांना बऱ्याच ठिकाणी हात लागला नाही. परका माणूस राग काढायला सोपा असतो. पण वाढीव सारा लावणारे सरकार आणि एकतर्फी निकाल देणारे कोर्ट या दोहोंशिवाय ती वही इतकी धारदार झाली नसती. आयोगाच्या अहवालाने दोषाचा मोठा भार सावकारीवर टाकला. त्याचे एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र वेगळे टिपण जोडून वाढलेल्या साऱ्याकडे बोट दाखवले. पुण्याची सार्वजनिक सभा हेच आधीपासून सांगत होती. आणि जोतीराव फुले यांनी काही वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा सावकार, कचेरीतला कारकून आणि सरकारी खाते यांची साखळी एकत्र उलगडून दाखवली.

कोर्टाने रोख्याच्या मागे पाहावे

दंग्यांपाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू होता. करार झाला म्हणजे झाला, न्यायाधीशाने फक्त सही पाहावी, हे तोवरचे तत्त्व होते. नव्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जायची मुभा दिली. पहिले मुद्दल किती, किती फेड झाली, व्याजावर व्याज किती चढले, हे मुळापासून तपासून हिशेब नव्याने मांडता येऊ लागला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. जी जमीन खास गहाण दिलेली नाही ती जप्तीतून वाचली. रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा, देणेकऱ्याला पावती आणि खात्याची प्रत मिळावी, अशी तरतूद झाली. रोख्यांची मुदतही वाढवली, म्हणजे दर ३ वर्षांचा फेरा चुकेल.

सुप्यात जाळलेल्या वहीवर सरकारने काढलेला हा तोडगा होता आणि त्यामागचा विचार खरा होता. ज्याला वाचता येत नाही त्याच्या वतीने हिशेब वाचणारा कोणी तरी हवा. या कायद्यामुळे हजारो खटल्यांत कर्जे घटली.

पण सावकाराला दुसरी वाट सापडली. गहाणखताऐवजी तो सरळ विक्रीखत लिहून घेऊ लागला. पैसे फेडलेस की जमीन परत देईन, हे तोंडी. विक्रीच्या मागे कोर्टाने जावे की नाही, हा वाद बरीच वर्षे चालला आणि शेवटी कायद्यात त्यासाठी दुरुस्ती करावी लागली. याहून मोठी उणीव वेगळीच होती. कायद्याने जुने कर्ज मोजून दिले. पुढच्या मिरगाला बियाणे आणायला पैसे कोण देणार, हे त्यात नव्हते. सावकाराचा हात बांधला की तो पैसा आवरता घेतो किंवा आणखी महाग करतो. कुणब्याला पुन्हा त्याच्याच ओट्यावर जावे लागले.

पुरंदरची न झालेली बँक

ही उणीव ओळखणाऱ्यांत दोन नावे पुढे होती: न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न. जर्मनीत आणि युरोपात इतरत्र शेतीसाठी पतसंस्था कशा उभ्या राहिल्या याचा रानड्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. १८८२ च्या सुमारास पुरंदर तालुक्यात एक शेतकी बँक प्रयोग म्हणून काढावी, अशी योजना वेडरबर्न यांनी मांडली. आधी जुन्या कर्जांचा तडजोडीने निकाल लावायचा, त्यासाठी सरकारने रक्कम पुढे करायची, आणि मग पुण्याच्या भांडवलदारांच्या पैशावर चालणाऱ्या बँकेने माफक व्याजाने नवे कर्ज द्यायचे. पुण्याचे सावकार-व्यापारी यात पैसा घालायला तयार होते, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांनाच उजेडात, ठरलेल्या दराने, छापील नियमांनी धंदा करायला बोलावले होते.

हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य एव्हलिन बेअरिंग यांना ही योजना पसंत पडली. कलकत्त्याहून ती शिफारशीसह लंडनला गेली आणि तिथे भारतमंत्र्यांनी ती नाकारली. एका तालुक्याचा प्रयोग करून पाहायचीही परवानगी मिळाली नाही. हेच बेअरिंग पुढे लॉर्ड क्रोमर म्हणून इजिप्तचा कारभार पाहत होते, तेव्हा १९०२ मध्ये तिथे शेतकी बँक निघाली. नाईल नदीकाठच्या शेतकऱ्याला जे मिळाले ते कऱ्हाकाठच्या शेतकऱ्याला २० वर्षे आधी मिळू शकले असते.

सरकारने त्याऐवजी तगाईचे कायदे केले. १८८३ चा जमीनसुधारणा कर्जांचा कायदा आणि १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जांचा कायदा यांनी विहीर, बांध, बैल, बियाणे यांसाठी सरकारी कर्ज मिळू लागले. व्याज कमी होते. पण अर्ज, चौकशी, मंजुरी, तालुक्याच्या खेपा आणि वाटेतल्या प्रत्येकाचा हात ओला करणे, यात पेरणीचा वाफसा निघून जाई. शिवाय वसुली साऱ्यासारखीच सक्तीची. तगाईत पैसा सरकारचा होता, वहीही सरकारचीच. गावाने त्यात फक्त हात पसरायचा.

दहा माणसे आणि एक सोसायटी

मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या शेतकी पतसंस्था पाहायला पाठवले होते. १८९५ ते १८९७ या काळात निघालेल्या त्यांच्या अहवालाचे सार म्हणजे जर्मनीच्या राइफायझनने गरीब खेड्यांत जे केले ते इथे करणारा माणूस शोधा. राइफायझनच्या संस्थेत तारण म्हणून शेजाऱ्याची शेजाऱ्याविषयीची खात्री चालत असे. सभासद एकमेकांच्या कर्जाला अमर्याद जबाबदारीने बांधलेले, म्हणून कोण उद्योगी, कोण उधळ्या, कोणाला कशासाठी पैसा हवा, याची पारख गावातच होई. बाहेरच्या बँकेला जी माहिती मिळवायला खर्च परवडत नाही, ती गावाच्या पारावर फुकट असते.

२५ मार्च १९०४ रोजी सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. किमान दहा माणसांनी एकत्र यावे आणि संस्था नोंदवावी. मुंबई इलाख्यातली पहिली शेतकी पतसंस्था १९०५ मध्ये धारवाड जिल्ह्यात, गदगजवळच्या कणगिनहाळ गावी नोंदली गेली. गावच्या संस्थांना पैसा पुरवायला वरची बँक हवी, म्हणून सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली. आजच्या महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे ते मूळ रूप. १९१२ च्या नव्या कायद्याने अशा वरच्या बँकांना रीतसर जागा मिळाली. त्याच सुमारास लल्लुभाईंचे चिरंजीव वैकुंठभाई मेहता त्या बँकेत आले आणि १९४६ मध्ये मुंबई प्रांताचे मंत्री होईपर्यंत तिथेच राहिले. जवळजवळ तीन तपे एका माणसाने खेड्यातल्या कर्जाचाच विचार करावा, ही निष्ठा विरळा. पैसा देण्याआधी माणसे तयार झाली पाहिजेत, सभासदाला संस्थेचा कारभार समजला पाहिजे, असे ते अखंड सांगत राहिले.

या संस्थांमध्ये खरोखर नवे काय होते? व्याज कमी होते, ते तर दिसतेच. पण त्याहून मोठा बदल म्हणजे वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत संस्थेचा ताळेबंद सगळ्यांपुढे वाचला जाऊ लागला. देणे कोणाचे किती, वसूल किती, थकले किती, नफा कुठे गेला, हे कर्जदार सभासद म्हणून उभा राहून विचारू शकत होता. ज्या प्रदेशात तीस वर्षांपूर्वी वही जाळावी लागली, तिथे वही सभेपुढे ठेवायचा नियम झाला होता.

जिथे गावात खमके आणि नेक पुढारपण मिळाले तिथे याचे सोने झाले. नगर जिल्ह्यातल्या लोणी बुद्रुकला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्ये सहकारी पतसंस्था काढली. स्वतः फार न शिकलेल्या या शेतकऱ्याने सावकारीतून माणसे सोडवत गावोगावी विश्वास जमवला. त्याच विश्वासाच्या बळावर पुढे प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले, अर्थमंत्री असलेल्या वैकुंठभाईंनी सरकारचा आधार दिला आणि १९५० मध्ये गाळप सुरू झाले. एका छोट्या पतसंस्थेपासून तिथवर पोचायला २७ वर्षे लागली.

सगळीकडे लोणी घडले नाही. अनेक गावांत दहा सह्या जमवून सोसायटी नोंदली गेली आणि सभा कागदावरच भरली. सचिवाने लिहिले ते सभासदांनी मान्य केले. मोठ्या बागायतदाराने आपले कर्ज फिरते ठेवले, लहान माणूस जामीन मिळत नाही म्हणून बाहेर राहिला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव बुडाले, थकबाकी साचली आणि शेकडो सोसायट्या अवसायनात निघाल्या. वही नावाला सर्वांची होती. तिच्यावर पुन्हा दोनचार हातांचा ताबा आला होता.

शंभरातले तीन

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये देशभराच्या ग्रामीण कर्जाची पाहणी हाती घेतली. ए. डी. गोरवाला अध्यक्ष, बी. वेंकटप्पय्या, एन. एस. आर. शास्त्री आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ समितीवर. ७५ जिल्हे, ६०० गावे आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे पाहणीत आली. इतक्या खोलवर जाऊन खेड्याची ओंजळ कोण भरतो हे त्याआधी कोणी मोजले नव्हते.

डिसेंबर १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे डोळे उघडणारे होते. शेतकऱ्याने घेतलेल्या दर १०० रुपयांतले ४४.८ धंदेवाईक सावकाराचे आणि २४.९ शेती करणाऱ्या सावकाराचे. नातलगांकडून १४.२. सरकारकडून ३.३, सहकारी संस्थांकडून ३.१ आणि व्यापारी बँकांकडून १ सुद्धा नाही, ०.९. पन्नास वर्षांच्या सहकाराने शंभरातले तीन रुपये पुरवले होते. समितीने सहकार फसल्याचे प्रांजळपणे मान्य केले आणि त्याच दमात सांगितले की तो यशस्वी करण्यावाचून गत्यंतर नाही. दुबळ्यांना एकत्र येऊन बलवान होता येत नाही, जोवर बाहेरचे बलवान त्यांच्या विरोधात आहेत. म्हणून सरकारने भागीदार म्हणून आत यावे, कर्जाची सांगड विक्री आणि प्रक्रियेशी घालावी, असा तिचा निष्कर्ष होता.

तिच्याच शिफारशीवरून इंपीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक जन्माला आली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याचे बंधन तिच्यावर आले. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांपैकी एक. त्याच वर्षी गाडगीळांच्याच अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने जिल्हा हा घटक धरून बँकांनी विस्तार करावा असे सुचवले आणि त्यातून अग्रणी बँक योजना आली. १९७५ मध्ये प्रादेशिक ग्रामीण बँका, १९८२ मध्ये नाबार्ड. तालुक्याच्या गावी बँकेची पाटी लागली. सावकाराचा वाटा उतरला. हे मोठे यश आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण या बँकेत कर्ज मागायला सात-बारा लागत होता. ज्याच्या नावावर जमीन नाही असा मजूर, वाटेकरी आणि जवळजवळ प्रत्येक घरातली बाई या पाटीखालून रिकाम्या हाताने परत येत होती.

तिच्या नावाचे खाते

शेतात राबणारी बाई कर्जदार म्हणून कोणत्याही वहीत नव्हती, फेड मात्र तिच्या मजुरीतून, तिच्या डोरल्यातून होत होती. १९८० च्या दशकात कर्नाटकात मायराडा या संस्थेने आणि इतर राज्यांत आणखी काही संस्थांनी बायकांचे लहान गट बांधले. दरमहा ठरलेली छोटी रक्कम जमवायची, त्यातूनच एकमेकींना द्यायची. १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आणि पाठोपाठ १९९२ मध्ये नाबार्डने बँकांना सांगितले की असा गट नोंदलेला नसला तरी त्याचे बचत खाते उघडा आणि तारणाशिवाय त्याला कर्ज द्या. सुरुवात ५०० गटांच्या प्रयोगाने झाली. पुरंदरला नाकारलेली प्रयोगाची संधी या वेळी मिळाली आणि त्यातून जगातला या प्रकारचा सर्वांत मोठा उपक्रम वाढला.

महाराष्ट्रात बचत गट हा शब्द आज गावच्या प्रत्येक घरात माहीत आहे. त्याचे बळ समजून घ्यायचे तर महिन्याच्या बैठकीत बसावे. कोणी किती भरले, कोणाचा हप्ता राहिला, व्याज किती जमले, हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून वहीत मांडले जाते. लिहिणारी एक असते, पण ऐकणाऱ्या दहा-बारा जणींच्या तोंडी तो हिशेब पाठ असतो. सहकाराच्या सर्वसाधारण सभेत जे वर्षातून एकदा व्हायचे आणि पुष्कळदा व्हायचेच नाही, ते इथे दर महिन्याला होते.

साताऱ्याच्या माण तालुक्यातले म्हसवड हे कायम दुष्काळी मुलखातले गाव. चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या कष्टकरी बायकांनी नव्वदच्या दशकात स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेकडे केलेला पहिला अर्ज परत आला, कारण प्रवर्तकांतल्या बऱ्याच जणींनी सहीच्या जागी अंगठा उठवला होता. त्या बायका अक्षरे शिकायला बसल्या. पुन्हा अर्ज करताना त्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, रकमेवरचे व्याज आम्हाला तोंडी काढायला सांगा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही सांगा, बघू कोणाचे आधी येते. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. नियमाला अंगठा दिसला होता; हिशेब त्या बायकांना आधीपासून येत होता, फक्त कागदावर त्यांची मालकी नव्हती. सही शिकून त्यांनी ती मिळवली.

उलट अनुभवही याच काळात आला. एकत्रित आंध्र प्रदेशात सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्या दारोदार पोचल्या होत्या. कर्ज सहज मिळे, एकाच बाईला तीन-चार ठिकाणांहून मिळे, आणि आठवड्याच्या हप्त्यासाठी दारात माणूस उभा राही. छळाच्या तक्रारी आणि आत्महत्यांच्या बातम्यांनंतर ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढून वसुलीला लगाम घालावा लागला. पैसा पोचला होता, गटही दिसायला तसेच होते. फरक इतकाच की दर, अटी, हप्ता, यातले काहीही त्या बाईने ठरवले नव्हते आणि आपले एकूण देणे किती झाले हे तिच्यापुढे कोणी एकत्र मांडले नव्हते.

ऑगस्ट २०१४ पासून जनधन योजनेत कोट्यवधी खाती उघडली. आता मजुरी, अनुदान, निवृत्तिवेतन थेट खात्यात येते, मधला हात कमी झाला. आणि त्याच वेळी मोबाइलवर मिनिटात कर्ज देणारी ॲपही खेड्यात शिरली आहेत, ज्यांच्या अटी बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत असतात. नऊ वर्षांत शंभराचे पाचशे करणारा तीन वर्षांचा रोखा आज काही आठवड्यांच्या मुदतीत तेच काम करू शकतो.

म्हणून किती शाखा निघाल्या, किती खाती उघडली, किती कोटी वाटले, या आकड्यांपाशी आपण थांबू नये. १८७९ चा कायदा, लोणीची सोसायटी, म्हसवडची बँक आणि महिन्याला भरणारी बचत गटाची बैठक यांच्यात एक समान धागा आहे: कर्ज घेणाऱ्याला हिशेब पाहायचा, समजायचा आणि तो चुकला तर बोट ठेवायचा हक्क होता. ज्या योजनांनी हा हक्क गाळला, त्या तगाईसारख्या परक्या राहिल्या, झोपलेल्या सोसायटीसारख्या चार जणांच्या झाल्या, किंवा आंध्रसारख्या अंगावर आल्या. पुढच्या प्रत्येक योजनेला, बँकेला आणि ॲपला आपण हीच अट घातली पाहिजे. करार मराठीत हवा. एकूण देणे एका आकड्यात, मोठ्या अक्षरांत हवे. प्रत्येक भरण्याची पावती हवी. आणि तक्रार ऐकायला गावाच्या पायी अंतरावर एक जिता माणूस हवा. यातले काहीही महाग नाही. शेतकऱ्याला आणि त्याच्या बायकोला आपल्या कर्जाची धनीण-धनी म्हणून वागवायची तयारी तेवढी लागते, आणि ती तयारी दाखवायला आपण दीडशे वर्षे लावली आहेत.